नग क्रमांक एकतीस

संग्रहालय बघायला जायचं हे ठरायला अकरा दिवस लागले, आणि संग्रहालयातली एकच खोली बघायला भांडारपालांना अख्खा दिवस लागला. उरलेल्या चौदा खोल्या माईंनी बघितल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भांडारपाल स्वतः ही हकिकत सांगतात तेव्हा नेमकं एवढंच गाळतात.

भांडारपाल म्हणजे एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या भांडाराचे बत्तीस वर्षं धनी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ओळखीचे लोक त्यांना अजून भांडारपालच म्हणत, आणि घरात कात्री सापडली नाही की तेही अजून "शेवटची कोणाच्या ताब्यात होती?" असंच विचारत. माई ही त्यांची बायको. दोघं परदेशात लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यातले पाच आठवडे चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसण्यात गेले होते. माईंना आता समोरच्या इमारतीतल्या कुठल्या बाईचं कुत्रं किती वाजता जिना उतरतं हे पाठ झालं होतं, आणि हे ज्ञान कुठे वापरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

कोंडून बसायचं कारण भांडारपाल. दुसऱ्या आठवड्यात ते कचरा टाकायला खाली गेले आणि शेजारच्या इमारतीत वर चढले. इमारती सारख्या, मजला चौथा, दार उघडं. ते आत गेले, सोफ्यावर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. घरमालक बिचारा सभ्य. त्याने आधी पाणी आणून दिलं आणि मग हळूच विचारलं की आपण कोण. लेकीला जाऊन त्यांना सोडवून आणावं लागलं. त्या दिवसापासून तिने फर्मान काढलं : एकट्याने बाहेर पडायचं नाही. दोघांनीही.

"चुकले हे, आणि कोंडून मी!" माई म्हणाल्या. चौथ्या आठवड्यापासून तर रोज म्हणायला लागल्या. शेवटी अकराव्या दिवशी त्यांनी म्हणणं सोडून दिलं आणि जेवता जेवता गप्प बसल्या. लेक घाबरली ती तेव्हा. माईंचं बोलणं तिला सवयीचं होतं, गप्प बसणं नव्हतं.

"बरं, जा," ती म्हणाली. "शहराचं संग्रहालय आहे, एका बसने सरळ जाता येतं. पण ही ट्रायल आहे हं, आई. दहाला निघायचं, चारच्या आत घरात. माझी उद्या महत्त्वाची मीटिंग आहे, मला फोन येता कामा नये. तुमचाही नाही आणि तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाचाही नाही. हे जमलं तर उरलेले सात आठवडे कुठे हवं तिथे फिरा, मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"मग टीव्ही आहेच."

बरोबर याच सुरात, याच शब्दांत, बावीस वर्षांपूर्वी आपण हिला कॉलेजच्या सहलीला सोडलं होतं, हे माईंना आठवलं. तेव्हा फक्त मुदत चारच्या जागी सातची होती, म्हणजे पोरगी त्यांच्याहून तीन तासांनी कडक निघाली. पण माईंनी ते बोलून दाखवलं नाही. सात आठवडे पणाला लागलेले असताना कोण कशाला तोंड उघडतंय!

ही बातमी वरच्या मजल्यावरच्या अनुभवी गृहस्थांना लागली आणि ते सल्ला द्यायला खाली आले. ते आपलीच भाषा बोलणारे, मुलाकडे येण्याची त्यांची ही चौथी खेप, त्यामुळे या देशाबद्दल त्यांना ठाऊक नव्हतं असं काही उरलंच नव्हतं. "संग्रहालयात बघण्यासारखं काही नसतं," ते म्हणाले, "पण बसायला बाकं फार छान असतात. खिडकीजवळचं धरायचं. पहारेकऱ्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्यांना संशय येतो. कशालाही हात लावायचा नाही. आणि खिशात घरचा पत्ता आणि मुलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मी तीन खिशांत तीन ठेवतो."

"आपण गेला होता का तिथे?" माईंनी विचारलं.

"मी? छे! मला काय करायचंय?"

भांडारपालांनी चिठ्ठी तेवढी केली. वर 'आपत्कालीन वापरासाठी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बसचा प्रवास बिनघोर झाला. भांडारपालांनी नकाशा उघडून गुडघ्यांवर पसरला होता आणि प्रत्येक थांब्याला ते नकाशात बघत होते. माई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "पिवळं दार, मग न्हाव्याचं दुकान, मग पूल, मग ते आडवं पडलेलं झाड," असं त्या मनाशी पुटपुटत होत्या. "काय चाललंय तुझं?" भांडारपालांनी विचारलं. "काही नाही," माई म्हणाल्या, "गाव बघतेय." आपल्या बायकोला नकाशा समजत नाही याचं भांडारपालांना जरा वाईट वाटलं.

संग्रहालयाच्या दाराशीच पहिला प्रसंग घडला. पिशवी आत न्यायची नव्हती. भिंतीत ओळीने कप्पे होते. पिशवी ठेवायची, आपल्या मनाचा चार आकडी नंबर दाबायचा की कप्पा बंद. लेकीच्या जन्मतारखेचा नंबर ठरला. पण पावती? कप्पा पावती देत नव्हता. बत्तीस वर्षांत साधी टाचणी पावतीशिवाय हातातून न सोडलेला माणूस, त्याने भरलेली पिशवी भिंतीत कोंबून नुसतं चालू पडायचं? भांडारपालांनी वही काढली आणि स्वतःच पावती लिहिली : कापडी पिशवी, निळी, एक. आत डबे दोन, पाण्याची बाटली एक, छत्री एक, घडीची. आणि ती तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंसमोर सहीसाठी ठेवली. त्या बाईंनी वाचलं, हसल्या आणि छान मोठी सही केली. माई तेवढा वेळ छताकडे बघत उभ्या होत्या.

सही करता करता त्या बाईंनी एक छोटं पुस्तक दिलं. इथे खरी गडबड झाली. इतर प्रेक्षक हे पुस्तक घेतात, पंख्यासारखं हलवतात आणि घरी नेऊन हरवतात. भांडारपालांनी ते उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. खोली पहिली, जुनं स्वयंपाकघर, नग क्रमांक एक ते सेहेचाळीस. प्रत्येक वस्तूपुढे नाव, माप, साल. ही तर डेडस्टॉकची, टिकाऊ सामानाची, नोंदवही! तीही छापील, खाडाखोड नसलेली! सहा वर्षांत कोणी अशी वही त्यांच्या हातात दिली नव्हती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"अहो, बघायला आलोय आपण," माई म्हणाल्या.

"बघतोच आहे की. एक, तांब्याचं पातेलं. आहे. दोन, झाकण, त्याचंच. आहे."

पुढचं काय सांगावं! साठा पडताळणी हे काम बाहेरच्याला रटाळ वाटतं, पण ज्याला त्याची गोडी लागली त्याला तहानभूक राहत नाही. भांडारपाल काचेजवळ नाक नेऊन, वाकून, कधी उकिडवे बसून एकेका नगापुढे टिक करत चालले. पाऊण तासात ते सतराव्या नगावर होते. माई पुढच्या तीन खोल्या बघून परत आल्या. "वर शाळेची खोली आहे, केवढी बाकं आहेत बघा, आणि चांभाराचं अख्खं दुकान," त्यांनी सांगितलं. "हूं," भांडारपाल म्हणाले. "मी वरच्या मजल्यांवर जाऊन येऊ?" "हूं." पुढे एकदा त्या येऊन जेवणाबद्दल काहीतरी म्हणाल्या, तेव्हाही "हूं". आणखी एकदा आल्या तेव्हा भांडारपाल बोटांवर मोजत होते, त्यांनी नुसता हात वर करून थांबवलं. त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष एका जागेवर खिळलं होतं.

तीस नंबरची किसणी होती. बत्तीस नंबरचा खलबत्ता होता. मधे एकतीस नंबर, लाकडी लाटणं, लांबी अमुक, हे नव्हतं. कापडावर त्याच्या आकाराचा पुसट डाग होता, बस्स.

भांडारपालांनी तीनदा मोजलं. मग घड्याळात बघितलं. सव्वादोन. इथून निमूटपणे निघावं, वर दोन खोल्या बघाव्यात, चारच्या आत घरी, माईंचे सात आठवडे सुटले, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांना उगाच वेंधळा समजू नका. पण तूट दिसली आणि कळवली नाही, तर ती तूट ज्याने बघितली त्याच्या माथी बसते, हा भांडाराचा नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. उद्या लाटणं गेल्याचं उघडकीला येईल. विचारतील, त्या खोलीत अडीच तास कोण होतं? कोण टक लावून बघत होतं? आणि पावतीवर सही मागणारा गृहस्थ तिकिटवाल्या बाई जन्मात विसरणार नव्हत्या.

त्यांनी वहीचा कागद फाडला आणि अर्ज लिहिला. तिथली भाषा भांडारपालांना येत होती, पण ती त्यांनी सरकारी पत्रव्यवहारातून शिकलेली, त्यामुळे ती बोलतानाही पत्रासारखीच निघे. पहारेकऱ्यापुढे उभं राहून ते म्हणाले, "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की, एक लाटणं आढळून येत नाही."

पहारेकरी उंच, दयाळू आणि गोंधळलेला होता. म्हाताऱ्याची काही वस्तू हरवली एवढं त्याला कळलं. तो त्यांना हाताला धरून कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेला आणि सापडलेल्या वस्तूंची पेटी उघडली. तीत तीन छत्र्या होत्या, लहान मुलाचा एक हातमोजा होता आणि कवळी होती. "यातलं कुठलं आपलं?" कवळी पुढे करत त्याने विचारलं. भांडारपालांच्या तोंडात सगळे दात स्वतःचे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी पहारेकऱ्याला सरळ बाही धरून पहिल्या खोलीत आणलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. म्हणजे काचेवर ठेवलं. काचेला हात लागल्याबरोबर वर कुठेतरी घंटा वाजायला लागली.

दोन मिनिटांत खोलीच्या दारात दोरी लागली. एका शाळेच्या सहलीला बाहेर काढलं. एक अधिकारी बाई आल्या, काळा कोट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी भांडारपालांना आपल्या खोलीत नेऊन बसवलं, नाव विचारलं, पत्ता विचारला. घाबरलेल्या भांडारपालांनी पत्त्याची चिठ्ठी काढून दिली. त्यावर लेकीचा नंबर होता. बाईंनी फोन उचलला.

"नको, नको!" भांडारपाल खुर्चीतून उठले. "तिची मीटिंग आहे! कृपया सदर कार्यवाही स्थगित ठेवावी!"

पण तोवर पलीकडे घंटी गेली होती. बाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "काळजीचं काही नाही, आपले वडील आमच्या ताब्यात आहेत." काळजीचं काही नाही हे सांगण्याची याहून वाईट पद्धत भांडारपालांच्या ऐकण्यात नव्हती. ते खाली बसले. माईंचे सात आठवडे गेले. आपण घालवले. दुसऱ्यांदा. माईंना काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहिला.

अशा अवस्थेत दार उघडलं आणि तळघरातून संग्रहालयाचा भांडारपाल वर आला. वय साठीचं, कानावर पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, काखेत जाड नोंदवही. त्याने टेबलावर पडलेलं छोटं पुस्तक उचललं. एक ते तीस बारीक, एकसारख्या खुणा बघितल्या, एकतिसाव्यापुढचा गोल बघितला आणि मग मान वर करून खुर्चीतल्या भांडारपालांकडे बघितलं. शब्द नाही, ओळख नाही, पण दोघांनाही समजायचं ते समजलं.

त्याने नोंदवही उघडून बोट ठेवलं. नग एकतीस, मागच्या मंगळवारी दुरुस्तीसाठी बाहेर. जागेवर चिठ्ठी ठेवली होती. ती शोधायला दोघं खोलीत गेले. चिठ्ठी कापडाखाली सरकलेली निघाली. अधिकारी बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोरी निघाली, शाळेची मुलं परत आत आली. पण तळघरातला भांडारपाल शरमेने लाल झाला होता. त्याची चिठ्ठी सरकली, आणि ती पकडली कोणी, तर बाहेरच्या माणसाने! भांडारपालांना त्याची फार दया आली. किती वर्षांपूर्वीची गोष्ट, एक स्टीलचा ट्रे असाच चिठ्ठीवाचून गेला होता आणि त्यांना तीन रात्री झोप नव्हती. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तो त्यांना तळघरात घेऊन गेला. आता तिथलं काय वर्णन करावं! छतापर्यंत मांडण्या, प्रत्येक मांडणीला अक्षर, प्रत्येक खणाला आकडा, प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. धुळीचा कण नाही. भांडारपाल देवळात शिरल्यासारखे हळू चालायला लागले. त्याने चहा केला. चिठ्ठी सरकू नये म्हणून सुतळीला दुहेरी गाठ कशी मारायची ते भांडारपालांनी त्याला दाखवलं, त्याने तीनदा करून बघितली. वार्षिक मोजणी पुढच्या गुरुवारी आहे, हे त्याने कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलं, आणि मग तेच बोट भांडारपालांकडे वळवून भुवया उंचावल्या. इतकं मानाचं आमंत्रण त्यांना जावयाच्या घरच्या लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

दार धाडकन उघडलं ते तेव्हा. दारात लेक उभी होती, केस विस्कटलेले, मीटिंगचा कोट, धाप लागलेली.

"बाबा! हे काय चाललंय? तुम्ही चहा पिताय?"

"अगं, सगळं मिटलं. साठा बरोबर आहे."

"आई कुठेय?"

"आई बाकावर बसली असेल. वर, पहिल्या खोलीजवळ."

वर बाक होतं. बाकावर कोणी नव्हतं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पंधराही खोल्या शोधल्या. प्रसाधनगृहात बघितलं. अधिकारी बाईंनी ध्वनिक्षेपकावरून सांगायची तयारी केली आणि वही पुढे ओढून भांडारपालांना विचारलं, "त्यांच्या अंगावर काय आहे?"

भांडारपाल आठवायला लागले. निळी कापडी पिशवी, डबे दोन, बाटली एक. तांब्याचं पातेलं, त्याचं झाकण. सगळं डोळ्यांपुढे आलं. माईंचा स्वेटर आला नाही. करडा? हिरवा? शाल घेतली होती का? सकाळपासून ही बाई आपल्या शेजारी बसली होती, तीनदा येऊन आपल्याशी बोलली होती. एकेचाळीस वर्षांचा संसार. "उंची..." ते म्हणाले आणि हाताने आपल्या खांद्याजवळ दाखवलं. परक्या गावात आपण हिला हरवलं. डोळे भरून आले, आणि लेकीसमोर ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

लेकीचा राग तिथेच ओसरला. "कप्पा बघू या, बाबा," ती हळूच म्हणाली.

तिच्याच जन्मतारखेने कप्पा उघडला. पिशवी होती. भांडारपालांनी सवयीने मोजलं. डबे दोन, पैकी एक रिकामा, एक भरलेला. बाटली अर्धी. छत्री नव्हती. पुन्हा बघितलं. खरंच नव्हती.

"छत्री नाही," ते ओरडले. "छत्री घेऊन गेलीय! जेवून, छत्री घेऊन स्वतः गेलीय ती!" आयुष्यात पहिल्यांदाच साठ्यात तूट बघून त्यांना हायसं वाटलं.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. जावई होता, नेहमीपेक्षा लवकर घरी आलेला. "अगं, तुम्ही सगळे कुठे आहात? आई केव्हाच्या येऊन बसल्यात."

"केव्हाच्या म्हणजे?"

"चारला पाच कमी होते, असं त्या म्हणतात. हे नीट कळव म्हणतात. वरचे काका आलेत खाली, त्यांना संग्रहालयात कुठल्या मजल्यावर काय बघायचं ते समजावून सांगतायत. ते लिहून घेतायत."

भांडारपाल पिशवी छातीशी धरून घरी पोचले. माई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, गाल लाल, डोळ्यांत चमक.

"तीनदा आले तुमच्याकडे, शेवटी निघायची वेळ झाली म्हणून," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तर तुम्ही बघितलंसुद्धा नाही, नुसता हात वर केलात. मग म्हटलं, ट्रायल माझीही आहे. एकाने तरी पास व्हावं." आणि मग त्या सुटल्या. वरच्या मजल्यावरची गच्ची, तिथून दिसणारी नदी, शिंप्याच्या खोलीतलं पायमशीन, परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई, जिला माईंइतकीच जुजबी भाषा येत होती आणि तरी दोघी पुलापर्यंत बोलत होत्या. पाच आठवड्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. भांडारपाल गार झालेला डबा खात ऐकत होते.

लेकीने निकाल रात्रीच्या जेवणाआधीच लावला. "आई, तू कधीही, कुठेही जा. मला विचारूसुद्धा नकोस. बाबा, तुम्ही आईबरोबर. आई नेईल तरच, आणि आई म्हणेल तेव्हा परत."

"मी एका संस्थेची गंभीर त्रुटी उघडकीस आणली," भांडारपाल म्हणाले.

"हो. आणि माझी मीटिंग बुडवलीत."

भांडारपालांनी दोन दिवस वहीत दुहेरी गाठीची आकृती काढण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी, सगळे कामावर गेल्यावर, ते माईंच्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. "गुरुवारी तुला काही आहे का?"

"का हो?"

"नाही, तिकडे वार्षिक मोजणी आहे. त्या माणसाने बोलावलंय. एकटा आहे बिचारा, हाताखाली कोणी नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तू नेलंस तर."

माईंनी लगेच हो म्हटलं नाही. एवढी मजा कोण अशी पटकन संपवतंय! गुरुवारी नदीकाठाने चालायचं आपलं ठरलंय, पण संग्रहालय वाटेतच पडतं, तेव्हा तुम्हाला तिथे सोडून मी पुढे जाईन आणि तीनला घ्यायला येईन, असं त्यांनी सांगितलं. भांडारपालांनी ते मान्य केलं.

गुरुवारी सकाळी दोघं थांब्यावर उभे होते. माई रस्त्याकडे बघत होत्या आणि भांडारपाल माईंकडे. करडा स्वेटर, वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाचं. जांभळी शाल, डाव्या खांद्यावर. कानात लेकीने दिलेले छोटे मोती. केसांत पांढरं आता काळ्यापेक्षा जास्त.

"काय बघताय एवढं?" माईंनी विचारलं. "लोक बघतील."

"बघू देत," भांडारपाल म्हणाले, आणि बस येईपर्यंत बघत राहिले.